स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर

संध्याकाळी सातनंतर कुठल्याही बस थांब्यावर जाऊन बघा. गाड्यांचे नंबर लिहिलेली पाटी अंधारात असते आणि टू बीएचकेच्या बाल्कनीत कॉफी पिणारं जोडपं लख्ख उजेडात. खाली ठळक अक्षरांत ‘स्टेशनपासून फक्त पाच मिनिटांवर’. चाळीस मिनिटं ताटकळलेला माणूस ते वाचतो आणि मनाशी एवढंच म्हणतो, की हे अंतर बिल्डरने बसने मोजलेलं नाही.

थांबा नीट न्याहाळला की त्याचा खरा मालक कोण, ते कळतं. छप्पर इतकं उंच की पाऊस जरा तिरका आला तर आतला आणि बाहेरचा सारखेच भिजतात. बसायला स्टीलच्या दोन नळ्या. मे महिन्यातल्या दुपारी त्यांवर टेकायचं धाडस गावात नवा आलेलाच करतो. धड, स्वच्छ आणि न गळणारी वस्तू एकच, ती म्हणजे जाहिरातीची पेटी. आणि ती असते नेमकी जिकडून बस येते त्या बाजूला. कारण मोटारीही तिकडूनच येतात आणि जाहिरातीला गिऱ्हाईक हवं असतं मोटारीतलं. मग पेटीच्या पलीकडचं दिसावं म्हणून प्रवासी छपराखालून निघून भर रस्त्यात उतरतात. बस त्यांना चुकवत वीस पावलं पुढे जाऊन थांबते आणि सगळी वरात तिच्यामागे पळते. थांबा मागे रिकामा. जाहिरात मात्र जागच्या जागी.

या धंद्याचा मूळपुरुष फ्रान्सचा. झाँ-क्लोद दको हा गृहस्थ महामार्गांच्या कडेला जाहिराती लावायचा. सरकारने त्या फलकांवर जबर कर बसवला, तेव्हा त्याने १९६४ मध्ये लियाँ शहराला सांगितलं, की थांबे मी फुकट बांधतो, त्यांची देखभालही मी करतो, तुम्ही मला त्यांच्यावर जाहिराती लावू द्या. सौदा सरळ होता. जाहिरात कंपनीची, तर झाडलोट आणि दुरुस्तीही कंपनीचीच. आपल्याकडे हाच सौदा ‘बांधा, वापरा, हस्तांतरित करा’ असं भारदस्त नाव घेऊन आला. बांधणं झालं, वापरणं तर जोरात चाललंय. झाडलोटीचं कलम बहुधा वाटेत कुठल्या तरी थांब्यावर उतरलं.

शिवाय ‘पालिकेचा एक पैसाही खर्च नाही’ म्हटलं की सभागृहात बाकं वाजतात. पैसा नाही म्हणजे मग विचारणाही नाही. थांबा कुठे हवा, हे जिथे मोटारी तुंबतात तो चौक ठरवतो. तिथे एकाशेजारी एक दोन थांबे. सरकारी दवाखान्यासमोर, जिथे माणसं तुंबतात, तिथे मात्र नुसता खांब. दवाखान्यासमोर टू बीएचके कोण विकत घेणार?

रस्त्याकडेच्या बाकांचा प्रकार याहून वरचा. बिल्डर निदान जाहिरातीचे पैसे मोजतो. बाकावर पैसे आपले आणि नाव नगरसेवक ‘भाऊं’चं. ‘यांच्या विकास निधीतून’, ‘यांच्या संकल्पनेतून’. चार पाय आणि एक पाठ, एवढ्या वस्तूत संकल्पना ती कसली, असं विचारायचं नसतं. मार्च २०२२ मध्ये मुंबई आणि पुणे महापालिकांची मुदत संपली, प्रशासक आले. नावं बाकांवरच बसून राहिली, कुणाला उठवता आलं नाही. अडचण एकच, बाकावर माणूस बसला की पाठीवरचं नाव झाकलं जातं. कदाचित म्हणूनच पुष्कळ बाक जिथे कुणी बसणार नाही अशा जागी ठेवलेले दिसतात. कचराकुंडीशेजारी, डीपीच्या पुढ्यात, नाहीतर थेट भिंतीकडे तोंड करून. नाव रस्त्याकडे असलं की झालं.

तसा १९९५ चा मालमत्ता विद्रूपीकरण प्रतिबंधाचा कायदा महाराष्ट्रात आहे. तो थांब्याच्या खांबांना सुतळीने बांधलेल्या वाढदिवसाच्या फ्लेक्सखाली झाकला गेलाय, एवढंच. शहर थोडं उघडं दिसतं ते आचारसंहितेत. पालिकेची माणसं वर्तमानपत्राचे कागद आणि खळ घेऊन फिरतात आणि बाकांवरची नावं झाकतात. मतदान होईपर्यंत बाक हा फक्त बाक असतो.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी १२० बाय १२० फुटांचं होर्डिंग पेट्रोल पंपावर कोसळलं, सतरा माणसं गेली. त्यानंतर टेप घेऊन होर्डिंगं मोजण्याची लाट आली. थांब्याकडे टेप वळत नाही, कारण तो जाहिरातीसारखा दिसतच नाही, सोयीसारखा दिसतो. ब्राझीलमधल्या साओ पावलोने २००७ पासून शहरातले सगळे जाहिरात फलक उतरवले, जगभर कौतुक झालं. पुढे जाहिरात शहरात परतली, ती कुठल्या दाराने? बस थांबे आणि रस्त्यावरची घड्याळं. सोयीला नाही कोण म्हणणार?

आता या धंद्यातली खरी मेख. थांब्याच्या आतल्या बाजूची जाहिरात विकताना सांगतात, की इथे गिऱ्हाईक बराच वेळ उभं असतं, त्याला दुसरीकडे बघायला काही नसतं. म्हणजे बस जितकी उशिरा, तितका थांबा किमती. वेळेवर आलेली बस ही जाहिरातदाराची फसवणूकच.

तेव्हा पुढच्या निविदेत एक कलम घाला. दहा मिनिटांपुढे जेवढी मिनिटं प्रवासी त्या कॉफी पिणाऱ्या जोडप्याकडे बघत उभा राहील, तेवढ्यांचे पैसे ठेकेदाराने त्याच्या तिकिटातून वळते करावेत. माणूस बघतोय म्हणून पैसे येतात ना, मग बघण्याची मजुरी त्याला द्या. महिनाभरात बस वेळेवर सोडा म्हणून पहिला मोर्चा ठेकेदारच काढेल. प्रवाशांचे अर्ज तर इतकी वर्षं पडूनच आहेत.