अननसाचा खोडवा

उचगावात माणसाची पत टनावर ठरते. एकरी साठ टन ऊस काढणाऱ्याला टपरीवर बाकडं पुसून देतात; तीस टनवाला उभ्यानं चहा पितो. अशा गावात गच्चीवरच्या कुंडीत एक नग अननस लावणाऱ्याला कुठं उभं करायचं, हे अजून ठरलेलं नाही.

शेजारच्या आण्णांनी पहिल्याच दिवशी चौकशी केली.

"किती म्हैन्यांचं पीक, मास्तर?"

"दीड ते दोन वर्षं."

"म्हंजे आडसालीच. आन् उतारा?"

"एक."

"एकरी?"

"एक अननस."

आण्णा माझ्या बायकोकडं वळले. "वैनी, मास्तरांस्नी झोप लागत्या न्हवं?"

आण्णांना इतिहास सांगून उपयोग नव्हता. पोर्तुगीजांनी हे फळ आणलं, आणि आग्र्याच्या गुलअफशाँ बागेत ते दरवर्षी हजारोंनी येतं, असं जहांगीर बादशहानं आत्मचरित्रात लिहून ठेवलं. इंग्रजांची तऱ्हा न्यारीच. त्यांच्याकडं ऊन नाही, म्हणून अठराव्या शतकातले उमराव काचघरात घोड्याची लीद आणि कातडी कमावून उरलेल्या सालींचा भुसा कुजवून त्या उबेवर अननस वाढवत. एकेक फळ इतकं महाग पडे, की मेजवानीत नुसतं मिरवायला लोक ते भाड्यानं आणत. त्या मानानं मी काटकसरी माणूस.

अडचण आमच्या मातीची. अननसाला आंबट, पाण्याचा झटकन निचरा होणारी तांबडी माती लागते. आमची काळी जमीन जुलैत पाणी धरते ते दिवाळीपर्यंत सोडत नाही; मुळं कुजलीच म्हणून समजा. थंडीत रात्रीचा पारा पंधराच्या खाली उतरला की झाड रुसतं, आणि एप्रिलच्या उन्हात पानांची टोकं करपतात. घाट उतरला की हेच झाड बांधावर कुणी न विचारता वाढतं. म्हणून सावंतवाडीहून, बायकोच्या माहेरून, दोन पोती माती एस्टीनं आणली. सासूबाई दारात उभ्या राहून म्हणाल्या, "जावईबापूंनी मागून काय मागितलं, तर माती!"

पावसाळ्यात आशाताई डेंग्यूच्या तपासणीला आल्या. अननसाच्या पानांच्या बेचक्यांत पाणी साठतं, झाड ते पितंही. ताईंना त्यात अळ्या दिसल्या. "कोरडा दिवस पाळा," म्हणाल्या. तेव्हापासून दर आठवड्याला मी कुंडी तिरकी करून झाडाला चूळ भरायला लावतो. आण्णा त्यांच्या गच्चीतून हा विधी न चुकता बघतात.

झाड थोराड झालं, पण फुलायचं नाव काढीना. १८७४च्या सुमाराला अझोर्स बेटांवर असा शोध लागला होता, की काचघरात धूर कोंडला की अननस फुलतो. कारण धुरातला इथिलीन वायू. पिकलेल्या सफरचंदातूनही तो सुटतो. म्हणून सफरचंदाच्या फोडी झाडाशेजारी ठेवून वर प्लास्टिकची पिशवी बांधली. नेमकं त्याच आठवड्यात आण्णांनी पाचट पेटवलं. पाचट जाळू नका, कुजवा, असं कृषी खातं बोंबलून सांगतं. पण आण्णांच्या कानाला टनाखेरीज काही ऐकू येत नाही. दोनेक महिन्यांत झाडाच्या मधोमध लालसर तुरा डोकावला. श्रेय सफरचंदाचं की पाचटाचं, यावर टपरीवर दोन तट पडले. सफरचंदाच्या तटात मी एकटा.

फळ किलोला थोडं कमीच भरलं. बाजारात केरळचा अननस साठ-सत्तर रुपयांना मिळतो. माझ्या मातीचं एस्टी भाडंच त्याहून जास्त होतं. आण्णांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले.

"ग्वाड हाय. पर जीभ चावतंय की ओ."

अननसात ब्रोमेलेन असतं, ते प्रथिनं विरघळवतं, म्हणून जिभेला चुरचुरतं, असं मी समजावलं. मटणही त्यानं मऊ पडतं, हे ऐकताच आण्णांनी उरलेल्या फोडींवर ताट झाकलं. मी राजांचं फळ वाढवलं होतं. ते रविवारच्या तांबड्या रश्श्याला गेलं. रस्सा झकास झाला, हे आपलं खरं सांगतो.

सोमवारी आण्णा गच्चीवर आले. खोडाच्या बुडाशी फुटवे आले होते. गुडघ्यावर बसून त्यांनी ते उसाच्या बेटासारखे निरखले. एक उपटून स्वतःच्या खिशात घातला.

"उपटून टाकू नगा. खोडवा धरा. खर्च कमी. पर खोडव्याला उतारा निम्म्यावर येतोय, ध्यानात ठेवा."

"एकाचा निम्मा?"

"त्यो हिशोब तुमी करा. मास्तर तुमी हायसा."