आवड: नोव्हेंबरातली आणि उरलेली

इफ्फी हा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव २००४ साली पणजीत आला आणि आमच्या पेडणे-डिचोलीतही रसिकांची एक नवी जात उगवली. नोव्हेंबरात गळ्यात पास, तोंडी इराण. सबटायटलं वाचता वाचता डुलकी लागली तरी बाहेर येऊन म्हणायचं, ‘फ्रेम काय होती!’ डिसेंबर उजाडला की हेच रसिक तिन्हीसांजेपासून मालिकांपुढे. वर ‘बायको बघते, म्हणून बसतो.’ (थोरल्या सुनेचं कारस्थान बायकोला समजावून सांगतात ते मात्र हेच.) आणि जत्रेत दशावतार लागला की पहाटेपर्यंत जागचे हलत नाहीत. संकासुराला सबटायटलं लागत नाहीत ना! तरी आवडता दिग्दर्शक विचारा, उत्तर एकच: कियारोस्तामी. नाव नीट उच्चारायलाच तीन नोव्हेंबर गेले.