बोला, आवाज येतोय का?

बड्या शंभर सूचिबद्ध कंपन्यांनी वार्षिक सभेचं थेट वेबप्रक्षेपण करावं, आणि तेही एकतर्फी, असा सेबीचा नियम 2019 मध्ये लागू झाला. म्हणजे ते बोलणार, आपण बघणार. यात नवीन काय, असं कुणी विचारलं नाही.

मे 2020 मध्ये सरकारने सभाच पडद्यावर घ्यायला परवानगी दिली आणि मुंबईच्या भागधारकाचं खरं नुकसान झालं. सभागृहात भाषण कसंही होवो, वेफर्स-सामोशाचं खोकं तरी मिळायचं. आता लिंक मिळते. बोलायचं तर आधी नावनोंदणी. नाव पुकारल्यावर काका चेअरमनसाहेबांचं अभिनंदन करतात, अहवाल वेळेवर पाठवल्याबद्दल सचिवबाईंचे आभार मानतात आणि लाभांशावर येतात तोच आवाज येतो, ‘सर, वेळ संपली.’ पुढचे वक्ते म्यूटवर. त्यांचं भाषण सर्वांत मुद्देसूद.

रेकॉर्डिंग नंतर संकेतस्थळावर, सवडीने पाहा. चेअरमनना दीडपट वेगाने पळवा, वाक्य अर्धवट तोडून चहा ठेवायला उठा. एवढा अधिकार भागधारकाला सभागृहात कधी होता? बाकी ठरावांवरचं ई-मतदान बहुतेकांनी आदल्या दिवशी संध्याकाळी पाचपर्यंतच उरकलेलं असतं.