खडेडॉक्टर

काही माणसं आपल्या घरी आली की भिंतीवरचे फोटो बघतात, काही पुस्तकांच्या कपाटाकडे वळतात. खडेडॉक्टर आधी कुत्र्याच्या पाण्याचं भांडं बघतात. ते रिकामं असेल तर चहाला नाही म्हणतात. भरलेलं असेल तर दुसरा कपही घेतात.

बाहेर पाटी 'प्राण्यांचा दवाखाना' अशीच आहे. लस, जंताचं औषध, गोचीड ही कामं ते चोख करतात, पण मान वर न करता. "डॉक्टर, हा आजकाल पाय वर करून नुसताच उभा राहतो," असं कुणी म्हणालं, की खुर्ची पुढे सरकते, चष्मा कपाळावरून नाकावर येतो आणि बाहेर ताटकळणाऱ्या पॉमेरेनियनवाल्यांना कळतं, आता तासाची निश्चिंती.

टेबलामागच्या फडताळात त्यांचा मुतखड्यांचा संग्रह आहे. छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर चिठ्ठी: 'लॅब्रॅडॉर, मादी, वय 6', 'ल्हासा, नर, वय 9'. एका पाहुण्याने सुपारी समजून झाकण उघडलं होतं. डॉक्टरांनी त्याला हसत हसत पुढचा अर्धा तास दिला. "हा स्ट्रुव्हाइट. मॅग्नेशियम, अमोनियम, फॉस्फेट. कुत्र्यात बहुधा जंतूंच्या कृपेने होतो. गुणी आहे, अँटिबायोटिक आणि पथ्याचं खाणं दिलं की विरघळतो. आणि हा कॅल्शियम ऑक्झलेट, काटे बघा त्याचे. हा पथ्याला दाद देत नाही. याला बाहेरच काढावं लागतं." मग तो खडा तळहातावर घेऊन ते असा फिरवतात, की सराफाने बघून घ्यावं.

मालकांच्या म्हणण्यावर त्यांचा विश्वास नाही. प्रत्येक मालक आपापला आरोपी घेऊनच येतो: बोअरचं पाणी, टोमॅटोच्या बिया, नाहीतर शेजारच्या वहिनींनी गॅलरीतून टाकलेली पोळी. "वहिनींच्या नावाने खडे फोडू नका," डॉक्टर म्हणतात, "आधी मला हा कापू दे." खडा मधोमध कापला की आत थर दिसतात, आणि गाभ्यापासून सालीपर्यंत डॉक्टर ते वाचत सुटतात. "आत ऑक्झलेट, वरून स्ट्रुव्हाइट. म्हणजे खडा आधीचा, जंतू नंतर आले. वहिनी निर्दोष!" मालकाचा चेहरा पडतो. कुत्रा बरा होणार याचा आनंद असतो, पण वहिनी सुटल्या हे जिव्हारी लागतं.

मागे एक जोडपं डाल्मेशियन घेऊन आलं. डॉक्टर खुलले. इतर कुत्र्यांच्या यकृतात यूरिक आम्लाचं अ‍ॅलँटॉइन होतं आणि ते पाण्यात सहज विरघळतं. डाल्मेशियनमध्ये एक जनुक बिघडलेलं असतं, त्यामुळे यूरिक आम्ल तसंच लघवीत उतरतं, माणसासारखं, आणि त्याचा खडा होऊ शकतो. 1973 साली अमेरिकेत रॉबर्ट शायबल यांनी डाल्मेशियनचा पॉइंटरशी संकर केला आणि पुढच्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. ठिपके राहिले, दोष गेला. "तरी अमेरिकन केनेल क्लबने या वंशाला दारात घ्यायला 2011 साल उजाडलं! गुण जुळले, कूळ आडवं आलं!"

"यांनाही यूरिक अ‍ॅसिड आहे हो," बाई नवऱ्याकडे बोट दाखवत म्हणाल्या.

डॉक्टरांनी खुर्ची त्या गृहस्थांकडे वळवली. "खडा झालाय?"

"अजून नाही."

"असू दे, असू दे," डॉक्टर म्हणाले. धीर गृहस्थांना दिला की स्वतःला, ते कळलं नाही.

मुलीकडे अमेरिकेला गेले तेव्हा त्यांनी नायगारा पाहिला नाही. ते मिनेसोटाला गेले. तिथल्या विद्यापीठात कार्ल ऑस्बर्न यांनी 1981 साली खड्यांचं केंद्र काढलं. जगभरचे पशुवैद्य तिकडे तपासणीसाठी खडे पाठवतात. सुरुवातीला कुत्र्यांमांजरांत स्ट्रुव्हाइटचं राज्य होतं, पुढे ऑक्झलेट वाढत गेला. स्ट्रुव्हाइटला हटवायला खाणं आम्लधर्मी केलं, त्यात ऑक्झलेटचं फावलं असावं, असा संशय आहे. हे सांगताना डॉक्टर आवाज खाली आणतात. घरातली भानगड असावी तसा.

एवढं बोलणारा हा माणूस एका प्रसंगी मात्र गप्प होतो. रात्री फोन येतो: "बोका सारखा ट्रेमध्ये जाऊन कुंथतोय, बद्धकोष्ठ झालंय वाटतं. सकाळी आणू का?" "थेंब तरी पडलाय का?" "नाही." "आत्ता आणा." मूत्रमार्ग तुंबलेल्या बोक्याच्या रक्तात पोटॅशियम चढतं आणि हृदय बंद पडू शकतं, हे ते तेव्हा कुणाला समजावत बसत नाहीत. शटर वर, दिवा लागलेला, नळी तयार.

असाच एक बोका वाचला, तेव्हा त्याचे आजोबा कृतज्ञतेने गाणगापूरची खडीसाखर घेऊन आले. डॉक्टरांनी पुडीतला सर्वांत मोठा खडा उचलला, खिशातलं भिंग काढलं, दिव्यासमोर धरून तो सगळ्या बाजूंनी तपासला.

"ऑपरेशन नको," त्यांनी निकाल दिला. "विरघळणारा आहे." आणि तोंडात टाकला.