आउटडोअरचे मानपान

वातानुकूलन यंत्राचा खोलीत बसणारा भाग हवा थंड करतो, असा सर्वसाधारण समज असला तरी शास्त्रदृष्ट्या तो खोलीतली उष्णता केवळ गोळा करतो. ती घराबाहेर नेऊन टाकण्याची हमाली भिंतीला टांगलेल्या किंवा गच्चीवर ठेवलेल्या दुसऱ्या भागाकडे असते. दोहा असो की डोंबिवली, मराठी घरांत या भागाला नुसते ‘आउटडोअर’ म्हणतात. उष्णता वाहणाऱ्या वायूला दाबणारा कॉम्प्रेसर, ती उष्णता बाहेरच्या हवेच्या स्वाधीन करणारे नळ्यांचे आणि पातळ पत्र्यांचे जाळे म्हणजे कंडेन्सर, आणि त्याला वारा घालणारा पंखा, एवढा त्याचा संसार असतो. हे यंत्र सुरक्षितपणे कसे बसवावे यावर उत्पादकांनी जाडजूड पुस्तिका लिहिल्या असून, त्या वाचताना लग्नातील वरपक्षाच्या मानपानाची यादीच हाती आल्याचा भास कोणाही विवेकी वाचकास व्हावा.

यादीतली पहिली मागणी जागेची. पाहुण्याच्या पाठीशी वीतभर आणि समोर दोन-तीन फूट मोकळे हवे, कारण त्याने पुढून फेकलेली गरम हवा कशाला तरी अडून मागून पुन्हा त्याच्याच पोटात शिरली, तर कंडेन्सरला उष्णता टाकायला वाव राहत नाही, वायूचा दाब चढत जातो आणि कॉम्प्रेसर स्वतःचा जीव वाचवण्यासाठी बंद पडतो. सावली हवी, पण कोंडवाडा नको. बैठक सपाट हवी आणि पायांखाली रबराचे तुकडे हवेत. विजेची लाइन थेट बोर्डावरून आलेली, दुसऱ्या कोणाशी न वाटलेली हवी. हाताच्या अंतरावर वीज तोडणारा स्वतंत्र खटका, म्हणजे आयसोलेटर, हवा. अर्थिंग तर हवेच हवे. वाळू आणि आखाताची खारट दमट हवा अंगाला बाधते, म्हणून वरचेवर आंघोळही घालावी लागते. यातली एकही मागणी अवाजवी नाही, हे मान्य केले पाहिजे. वरपक्षाच्याही मागण्या एकेकट्या पाहिल्या तर वाजवीच वाटतात.

कतारसाठी येणाऱ्या आउटडोअरचे कूळही वेगळे असते. एसीची क्षमता मोजण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी हवामानाचे वर्ग पाडले असून, ‘टी-१’ वर्गात बाहेरचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरतात, तर उष्ण प्रदेशांसाठीच्या ‘टी-३’ वर्गात ४६ अंश. पुण्यात दीड टनाचा म्हणून मिरवणारा एसी ४६ अंशांत तेवढाच भार उचलेल, असे नाही. (टन म्हणजे एक टन बर्फ चोवीस तासांत वितळवायला जेवढी उष्णता लागते, तेवढी हलवण्याची ताकद, यंत्राच्या वजनाशी तिचा संबंध नसतो, आणि हे फिटरला पक्के ठाऊक असते, कारण वजन त्यालाच उचलायचे असते.) दोहा विमानतळावर १४ जुलै २०१० रोजी ५०.४ अंशांची नोंद झालेली असल्याने कुळाची ही चौकशी फाजील म्हणता येत नाही.

यंत्राची सोय लागल्यावर ते टांगणाऱ्या माणसाचा विचार क्रमप्राप्त ठरतो, आणि कतारच्या कायद्याने तोही केला आहे. २००७ च्या नियमानुसार १५ जून ते ३१ ऑगस्ट या काळात सकाळी साडेअकरा ते दुपारी तीन उन्हात काम करून घेण्यास बंदी होती. २०२१ मध्ये ती १ जून ते १५ सप्टेंबर, सकाळी दहा ते दुपारी साडेतीन अशी वाढली, आणि ३२.१ अंशांची मर्यादा ओलांडली गेली तर वेळ कोणतीही असो, काम थांबवावे, अशी भर पडली. हा ३२.१ चा आकडा साध्या तापमापकाचा नसल्यामुळे तो यंत्राच्या ४६ शेजारी ठेवून कोणी वजाबाकी करू नये. त्याला वेट बल्ब ग्लोब तापमान म्हणतात, आणि ते काढताना ओल्या कापडात गुंडाळलेला, काळ्या गोळ्यात बसवलेला व साधा अशा तीन तापमापकांच्या नोंदी सात, दोन आणि एक या प्रमाणात धरतात. ओल्याचा वाटा मोठा, कारण घाम वाळला नाही तर देहाला आपली उष्णता बाहेर टाकता येत नाही. थोडक्यात, फिटरची अडचण कंडेन्सरसारखीच असते. फरक इतकाच, की कंडेन्सर बंद पडला तर ग्राहक लगेच फोन करतो.

तो फोन जुलैत दुपारी बाराच्या सुमारास यावा, यात दैवाचा खोडसाळपणा नाही. बाहेरची हवा सर्वांत तापलेली असते तेव्हाच दाब सर्वाधिक चढतो, आणि वर्षभर न धुतलेले यंत्र नेमके त्याच वेळी मान टाकते. नजमा किंवा मन्सुरा भागातल्या फ्लॅटमधून असा फोन करणारा गृहस्थ पुष्कळदा तेल-वायू क्षेत्रात सुरक्षा अधिकारी असतो. कामावर त्याच्या दिवसाची सुरुवात टूलबॉक्स टॉकने, म्हणजे काम सुरू होण्यापूर्वी धोक्यांची उजळणी करणाऱ्या उभ्या सभेने होते. वर्क परमिटवर सही असल्याशिवाय तो शिडीच्या पहिल्या पायरीवर कोणाला पाय ठेवू देत नाही. घरी मात्र, पत्नी आणि मुले एका खोलीत टेबलफॅनपुढे बसलेली असताना, तोच गृहस्थ फोनवर म्हणतो, “भाई, दस मिनट का काम है.” साडेतीनचा नियम त्याला तोंडपाठ असतो. तो मोठ्या प्रकल्पांसाठी आहे, अशी त्याची समजूत असते.

फिटर येतो, सोबत हेल्पर असतो. दीड टनाचा आउटडोअर सहज तीस-चाळीस किलो भरतो, आणि तो पेलण्याची जबाबदारी अखेरीस चार बोल्टांवर येते. दोह्यातल्या बऱ्याच इमारतींचा सांगाडा काँक्रीटचा असला तरी मधल्या भिंती पोकळ सिमेंट ब्लॉकच्या असतात. साधा फास्टनर हा बोल्ट भोकात फुगून चारी बाजूंना रेटा देतो आणि त्या रेट्यावरच टिकतो. पोकळ ब्लॉकमध्ये रेटा द्यायला समोर काही नसते. सतत घरघरणारे ड्रिल एकाएकी गप्पकन आत गेले, की पोकळी लागली, हे बाहेर लोंबणाऱ्या माणसाला कोणत्याही अभियंत्याआधी कळते. अशा वेळी एक तर तुळई किंवा खांब शोधावा, नाही तर भिंतीच्या आरपार बोल्ट घालून आतून प्लेट लावावी, असे शास्त्र सांगते. आतून प्लेट लावल्यास दिवाणखान्याच्या नव्या रंगाचा विचका होतो, त्यामुळे शास्त्राला गृहिणीची संमती मिळत नाही. मग भोकात लाकडाची खुंटी ठोकली जाते. सेफ्टी बेल्ट असतोच. तो कशाला अडकवायचा हा प्रश्न असतो, आणि आसपास दुसरे काही मजबूत नसल्यामुळे त्याचा हूक नुकत्याच बसवलेल्या त्याच ब्रॅकेटला लावण्यात येतो. मुंबईत हा मान खिडकीच्या ग्रिलला मिळतो, एवढाच प्रादेशिक भेद.

वायूचेही तसेच. नळ्या जोडल्यावर त्यांतली हवा आणि ओल व्हॅक्यूम पंपाने नीट ओढून घ्यावी लागते, नाही तर कॉम्प्रेसरचे आयुष्य घटते. पंपाला वेळ लागतो. म्हणून नट किंचित सैल करून थोडा गॅस सोडून द्यायचा आणि त्याच्या फुसकाऱ्याबरोबर हवा गेली असे मानायचे, ही पद्धत उन्हातल्या माणसाला स्वाभाविकपणे अधिक शास्त्रीय वाटते. अलीकडचा ‘आर-३२’ हा वायू मंदपणे का होईना पण जळणारा आहे, हे नळकांड्यावर लिहिलेले असते. गळती तपासण्यासाठी नायट्रोजनच भरावा, ऑक्सिजन कदापि नव्हे, कारण कॉम्प्रेसरच्या तेलाशी त्याची गाठ पडली की स्फोट होऊ शकतो, हेही लिहिलेले असते. इतके सारे लिहिलेले असल्यामुळे कोणाला काही सांगावे लागत नाही.

मानपानाच्या या कटकटीतून सुटण्याचा मार्ग कतारने शोधलेला आहे. पर्ल या कृत्रिम बेटावर घरोघरी आउटडोअर टांगत नाहीत. तेथे एका मोठ्या केंद्रात पाणी थंड करून नळांतून इमारतींना पुरवतात, आणि गोळा झालेली उष्णता त्या केंद्रावरच हवेत सोडतात. मन्सुऱ्यातील इमारत आपला घाम पाठीवर वागवते आणि पर्लमधली तो दुसरीकडे पाठवते, असा हा सामाजिक भेद असून, त्याचा अभ्यास व्हायला हवा. पुढची पायरी म्हणजे बाहेरची हवाच थंड करणे. २०२२ च्या फुटबॉल विश्वचषकासाठीच्या आठांपैकी सात स्टेडियमांत ती सोय होती. २०१९ च्या जागतिक ॲथलेटिक्स स्पर्धेत खलिफा स्टेडियमच्या आतल्या खेळाडूंना गार वारा मिळाला. मॅरेथॉन मात्र रस्त्यावरची असल्याने मध्यरात्री सोडावी लागली, आणि स्त्रियांच्या गटात धावायला उतरलेल्या ६८ जणींपैकी ४० जणीच शेवटपर्यंत पोहोचल्या. पुढे उम्म अल सनीम उद्यानात धावण्यासाठी वातानुकूलित मार्गही झाला. फिटरच्या शिडीला ही सोय लागू करण्याचा प्रस्ताव अद्याप कोणी मांडलेला दिसत नाही.

काम झाल्यावर तपासणी होते. गृहस्थ इनडोअरपुढे तळवा धरतो, पत्नी धरते, मग धाकट्यालाही कडेवर घेऊन त्याचा हात धरायला लावतात, आणि सर्वांचे एकमत झाल्यावर फिटरला पाण्याची बाटली देऊन ठरल्यापेक्षा दहा रियाल कमी घेण्याची गळ घालण्यात येते. आउटडोअर किती पक्का बसला आहे हे पाहायला मात्र कोणी बाल्कनीत जात नाही, कारण त्या वेळी बाहेर फार ऊन असते.