तीन कोटेशनं आणा

चाकण एमआयडीसीतल्या एका कंपनीने यंदा अकाउंट्समध्ये एक अंध मुलगा घेतला. कंपनी काल्पनिक आहे, त्यामुळे तुम्हाला ती आपलीच वाटेल. मुलगा हुशार, एक्सेलमध्ये तरबेज. मागणी एकच: पडद्यावरचं वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर. खुर्ची मागितली असती तर स्टोअर्समधून अर्ध्या तासात आली असती. सॉफ्टवेअर म्हटल्यावर मध्ये परचेस आलं.

परचेसने ‘जॉज’चे दर मागवले. या अमेरिकी सॉफ्टवेअरच्या दोन आवृत्त्या, होम आणि प्रोफेशनल. होम स्वस्त, पण ती खाजगी वापरापुरती. कंपनीच्या कामाला प्रोफेशनलच लागते, आणि रिमोटने सर्व्हरवर काम करायचं तर त्याचे पैसे आणखी निराळे. साहेबांनी दोन्ही आकडे शेजारी ठेवले.

‘‘होम घ्या.’’

‘‘साहेब, ती घरी वापरायची.’’

‘‘मग त्याला वर्क फ्रॉम होम द्या.’’

एचआरने तशी फाइल उघडलीसुद्धा. पगारी काम माजघरात बसून केलं तरी ते व्यावसायिकच, असं लीगलने कळवलं तेव्हा कुठे ती मिटली.

मग आयटीने डोकं चालवलं. लायसन्स नसलं तरी जॉज 40 मिनिटं चालतं. नंतर कॉम्प्युटर रीस्टार्ट करायचा की पुन्हा 40. ही सोय नुसती चाचणीपुरती आहे, हे कुणी बोललं नाही. ‘‘तळेगाव चौकात आपण रोज तेवढं थांबतोच की,’’ असं मात्र सगळे बोलले.

मुलानेच शेवटी सुचवलं, एनव्हीडीए घ्या. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातल्या अंध तरुणाने 2006 मध्ये ते लिहायला घेतलं, जेम्स तेह त्याला येऊन मिळाला. फुकट आहे, हव्या तेवढ्या कॉम्प्युटरवर टाका, मराठीही वाचतं. आणि इथे परचेस खरोखर हादरलं. शून्य रुपयांची परचेस ऑर्डर सिस्टिम घेईना. तीन कोटेशनं कुणाची आणायची? तिन्ही शून्य आली तर एल-वन, म्हणजे सगळ्यात स्वस्त, कोण? घासाघीस कशावर करायची? पेनड्राइव्हवरूनही चालतं म्हणाला, तर सिक्युरिटीने गेटवर त्याचाच पेनड्राइव्ह जमा करून घेतला.

एव्हाना कुणाला तरी सीएसआर आठवलं. कायद्याने नफ्याचे 2 टक्के समाजकार्यावर खर्चायचे असतातच. अंधशाळेला दहा लायसन्स देता येतील, बॅनरसकट. पण आपल्याच कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरत नाहीत. त्यावर एका उत्साही मॅनेजरने उपाय काढला, की मुलाने राजीनामा देऊन अंधशाळेत नाव घालावं, आपण त्याला लायसन्स भेट देऊ.

कायदा नाही असं नाही. दिव्यांग हक्क कायदा 2016 चा. त्याखालच्या नियमांप्रमाणे 20 वा अधिक माणसं असलेल्या खाजगी आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. कंपनीने केलंय. सही-शिक्क्यानिशी स्कॅन करून वेबसाइटवर टाकलंय. स्कॅन म्हणजे नुसतं चित्र, त्यामुळे स्क्रीन रीडर त्यावर येऊन गप्प बसतो. कँटीनच्या मराठी नोटिसा जुन्या, युनिकोडपूर्व फाँटात. त्या तो रोमन अक्षरांचा भुसा म्हणून वाचतो. आणि ज्या बिलिंग सिस्टिमवर मुलाला काम करायचं, तिच्या बटणांना बनवणाऱ्याने नावंच दिलेली नाहीत. तिथे महागातलं प्रोफेशनल असो की फुकटचं एनव्हीडीए, दोघंही म्हणणार, बटण, बटण, बटण. माझ्या मते मीटिंग या बटणांवर घ्यायला हवी होती. पण बटणांना कोटेशन मागवता येत नाही.

अखेर प्रोफेशनल मंजूर झालं, पुढच्या आर्थिक वर्षाच्या बजेटमधून. तोवर 3 डिसेंबर, म्हणजे जागतिक दिव्यांग दिन, येतोय. शाल, श्रीफळ, फ्लेक्स आणि नाश्ता यांचा हेड वेगळा असल्याने ते एका सहीत निघालं. शोरूममध्ये गाडीच्या डिलिव्हरीला देतात तशी थर्माकोलची भली मोठी किल्ली प्लांट हेडच्या हस्ते मुलाला द्यायची ठरली आहे. तिच्यावर ‘लायसन्स की’ असं ठळक लिहिलंय. तिचीसुद्धा तीन कोटेशनं आली होती.