पडदा झालेली माणसे

पुण्यातील कोणत्याही मंगल कार्याचा पहिला मान कसबा पेठेतल्या गणपतीचा. पुण्याच्या सर्वात गाजलेल्या प्रायोगिक नाटकानेही आरंभी गणपतीला रंगमंचावर नाचवून ही शिस्त पाळली. पुढचे सगळे मात्र शिस्तीबाहेरचे. विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ १६ डिसेंबर १९७२ रोजी भरत नाट्य मंदिरात पहिल्यांदा झाले. दिग्दर्शक जब्बार पटेल बालरोगतज्ज्ञ, नाना फडणवीस झालेले मोहन आगाशे मनोविकारतज्ज्ञ. शहराला दोघांचीही गरज असावी.

नेपथ्य म्हणून ओळीने उभी केलेली ब्राह्मणांची भिंत होती. ती डोलत गाई, पाठ फिरवली की पडदा होई. भास्कर चंदावरकरांचे संगीत आणि कृष्णदेव मुळगुंदांची नृत्यरचना या भिंतीला पेलत होती. कसब्याच्या वेशीवर शनिवारवाड्याची दगडी भिंत उभीच होती. आक्षेप आला तो हलत्या भिंतीवर. १९ प्रयोगांनंतर ते करणाऱ्या प्रोग्रेसिव्ह ड्रामॅटिक असोसिएशन या संस्थेनेच नाटक थांबवले. कलाकार बाहेर पडले, १९७३मध्ये थिएटर अकॅडमी उभी राहिली. फुटून नवी संस्था काढणे ही पुण्याची खरी लोककला. १९७४मध्ये प्रयोग पुन्हा सुरू झाले. त्याच वर्षी अकॅडमीचे, सतीश आळेकरांचे ‘महानिर्वाण’ही आले. ‘घाशीराम’च्या १९८०च्या युरोप दौऱ्यालाही विरोध झाला, तरी नाटक गेलेच.

नाटकाला ओहोटी विरोधाने आली नाही. पटेल ‘सामना’, ‘सिंहासन’ या चित्रपटांकडे वळले, बाकीच्यांना चित्रपट, दूरदर्शन आणि नोकऱ्या होत्या. नाटक अभ्यासक्रमात गेले आणि भिंतीवर पाच गुणांची टीप लिहिली जाऊ लागली.